ट्रेनरवरचा वेग आणि पायांतले वॅट

पावसाळा सुरू झाला की पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या सायकल क्लबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घाटातले फोटो कमी होतात आणि बैठकीच्या खोलीतले वाढतात. खाली सतरंजी, सायकलचे मागचे चाक स्टँडमध्ये अडकवलेले आणि समोरच्या मोबाइलवर आकडे: एक तास, ३८ किलोमीटर. त्याखाली टाळ्या आणि अंगठे. तोच सायकलस्वार ऑक्टोबरात रस्त्यावर येतो तेव्हा ताशी २५ धरतानाच त्याला धाप लागते. उलटही घडते. रस्त्यावर सहज ३० ने जाणाऱ्याला घरातला ट्रेनर जेमतेम २२ दाखवतो आणि तो मशिन दुकानदाराला परत करायला निघतो. ट्रेनर खोटा, रस्ता खराब की आपणच कमी पडलो, असे प्रश्न मग सुरू होतात.

या प्रश्नांची उत्तरे अवघड नाहीत, पण ती वेग आणि शक्ती यांच्या नात्यात दडलेली आहेत. मराठी सायकलस्वारांच्या बोलण्यात शक्तीसाठी ‘पॉवर’ किंवा नुसते ‘वॅट’ हेच शब्द रुळले आहेत, तेच मी वापरतो. आणि माझे मत आधीच सांगून टाकतो: ट्रेनरवर दिसणारा वेग बहुतेक वेळा निरर्थक असतो. वॅटचा आकडा कामाचा असतो, पण तोही कुठे आणि कसा मोजला गेला हे विचारल्याशिवाय घेऊ नये.

शाळेत शिकलेली व्याख्या इथे पुरते. काम करण्याचा दर म्हणजे शक्ती, आणि सायकलपुरते बोलायचे तर बल गुणिले वेग. वेग किती मिळेल हे तुम्ही किती वॅट देता यावर तर अवलंबून आहेच, पण समोरून किती विरोध आहे यावरही तितकेच आहे. सपाट रस्त्यावर हा विरोध मुख्यतः दोन गोष्टींचा: हवेचा आणि टायरच्या घर्षणाचा. टायरचे बल वेग बदलला तरी जवळपास तेवढेच राहते. हवेचे तसे नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी पॉवर आठपट होते.

आकडे घालून पाहू. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो, हात हँडलबारच्या हूडवर, डांबर बरे, वारा पडलेला. अशा वेळी ताशी १५ किलोमीटरला ३० वॅटच्या आसपास लागतात, त्यातले निम्मे टायरचे आणि निम्मे हवेचे. ताशी २५ ला सुमारे १००. ताशी ३० ला सुमारे १५५, आणि यातले जवळजवळ चार पंचमांश नुसती हवा कापण्यात जातात. ३५ ला २३५ च्या घरात, आणि ४० ला ३४० च्या आसपास. म्हणजे २५ वरून ३० वर जायला पन्नासेक वॅट पुरतात, तर ३५ वरून ४० वर जायला शंभरावर लागतात. ‘ॲव्हरेज दोनने वाढवायचा आहे’ असे म्हणणाऱ्याने तो कुठून कुठे वाढवायचा आहे हे आधी पाहावे.

आता समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा सुटला असे धरा. तो काही मोठा वारा नव्हे, झाडाची पाने हलतील इतकाच. पण त्या वाऱ्यात ३० चा वेग टिकवायला १५५ च्या जागी २५० वॅट लागतील. आणि सहा टक्के चढाचा घाट लागला तर? ताशी अवघ्या १२ किलोमीटरने चढायलाही १८० च्या आसपास वॅट जातात. सपाटीवर ३० ने जाणाऱ्यापेक्षा घाटात १२ ने रांगणारा जास्त काम करत असतो. कात्रज, खंबाटकी किंवा सिंहगड चढलेल्या प्रत्येकाच्या मांड्यांना हे ठाऊक आहे. सायकलच्या मीटरला मात्र ते कळत नाही, कारण मीटर चाकाचे फेरे मोजतो.

वेग परिस्थितीवर किती अवलंबून असतो याचा सर्वांत बोलका पुरावा ‘अवर रेकॉर्ड’च्या इतिहासात आहे. एका तासात ट्रॅकवर किती अंतर कापता येते, एवढीच ही कसोटी. एडी मर्क्स १९७२ मध्ये त्यासाठी मुद्दाम मेक्सिको सिटीला गेला, कारण सव्वादोन हजार मीटर उंचीवर हवा विरळ असते. तिथे त्याने ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. १९९६ मध्ये इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने मँचेस्टरच्या ट्रॅकवर ५६.३७५ किलोमीटर केले. त्याने दोन्ही हात पुढे सरळ ताणलेले होते आणि अंग जवळजवळ आडवे केले होते. पुढे नियम बदलले, मर्क्सच्या काळासारखी साधी सायकल आणि साधी बैठक सक्तीची झाली. २००० साली तोच बोर्डमन त्याच मँचेस्टरमध्ये पुन्हा उतरला आणि त्याने केले ४९.४४१ किलोमीटर, मर्क्सपेक्षा फक्त १० मीटर जास्त. चार वर्षांनी वय वाढले होते हे खरे. पण एकाच माणसाच्या दोन आकड्यांतले सात किलोमीटरचे अंतर वयाने पडलेले नाही, ते मुख्यतः हवेने आणि बैठकीने पाडले. जागतिक दर्जाच्या खेळाडूचीही ताकद नुसत्या वेगावरून जोखता येत नाही, मग ट्रेनरवर चाकाच्या फेऱ्यांवरून आपली कशी जोखणार?

ट्रेनरवर तर हवा नाही, चढ नाही आणि सायकल जागची हलतही नाही. विरोध निर्माण करते ते यंत्र, आणि प्रत्येक यंत्राची तऱ्हा वेगळी. सर्वांत जुना प्रकार रोलरचा. तीन नळकांडी आणि त्यांवर मोकळी सायकल. तोल सांभाळावा लागतो, विरोध मात्र फारच थोडा, त्यामुळे रोलरवर ५० चा वेग गाठणे मोठी गोष्ट नाही. ट्रॅकचे खेळाडू शर्यतीआधी अंग गरम करायला आजही रोलरच वापरतात.

आपल्याकडे सर्वाधिक विकला जातो तो मागचे चाक छोट्या रोलरवर दाबून धरणारा ट्रेनर. त्यात चुंबकाचा असेल तर विरोध वेगाच्या जवळजवळ सरळ प्रमाणात वाढतो, आणि हँडलला लावलेल्या खटक्याने पातळी बदलता येते. एकच्या पातळीवर ४० ने जाणे सोपे, पाचच्या पातळीवर २० ने जाणेही कष्टाचे. द्रवाचा, म्हणजे ज्याला फ्लुइड ट्रेनर म्हणतात तो असेल, तर वेग वाढेल तसा विरोध झपाट्याने चढत जातो आणि रस्त्याच्या जरा जवळ येतो. काही कंपन्यांनी आपल्या फ्लुइड ट्रेनरचे वेग आणि वॅटचे कोष्टकच जाहीर केले आहे, आणि साधा स्पीड सेन्सर लावून ॲप त्यावरून पॉवरचा अंदाज काढते. हा अंदाज चुंबकाच्या ट्रेनरला लागू पडायचा तर पातळी ठरलेली हवी, खटका मध्येच बदलला की हिशेब संपला.

चाक दाबून धरणाऱ्या ट्रेनरमध्ये आणखी एक चोरवाट आहे, टायरची. बारीक रोलरवर टायर रस्त्यापेक्षा जास्त दबतो, आणि किती दबतो हे हवेवर आणि मागचा स्क्रू किती आवळला यावर ठरते. सोमवारी ९० पीएसआय, गुरुवारी ७०, मध्ये कोणीतरी स्क्रू अर्धा फेरा सैल केला, तर दोन्ही दिवशी सारखाच वेग दिसूनही पायांनी सारखे काम केलेले नसते. शिवाय टायर आणि ट्रेनर दोन्ही तापतात आणि तापले की विरोध बदलतो. म्हणून असा ट्रेनर वापरणाऱ्याने दर वेळी हवा भरून दाब पाहावा, स्क्रूचे फेरे मोजूनच आवळावेत आणि पहिली दहा मिनिटे हिशेबात धरू नयेत. कंटाळवाणे आहे, पण हे केले नाही तर आकडे जपून ठेवण्यात अर्थ उरत नाही.

तिसरा प्रकार डायरेक्ट ड्राइव्हचा. यात मागचे चाक काढूनच ठेवायचे आणि चेन थेट ट्रेनरच्या कॅसेटवर चढवायची. टायरचा प्रश्नच मिटतो. वाहू कंपनीचा किकर २०१२ मध्ये आला आणि हा प्रकार घराघरांत पोचायला सुरुवात झाली. त्याआधीही संगणकाला जोडलेले ट्रेनर होते. अमेरिकेतला कॉम्प्युट्रेनर १९८० च्या दशकापासून होता, पण तो महाग आणि प्रयोगशाळेत किंवा प्रशिक्षकाकडे दिसणारा. आता फोनला जोडला जाणारा, ॲपच्या हुकमाने विरोध कमी-जास्त करणारा ‘स्मार्ट ट्रेनर’ गृहसंकुलांतल्या फ्लॅटमध्ये पोचला आहे.

आणि नेमका इथेच वेगाचा गोंधळ सर्वांत वाढतो. स्मार्ट ट्रेनरमध्ये ‘अर्ग मोड’ असतो. ॲपला १५० वॅट सांगितले की ट्रेनर तुमच्याकडून १५० च घेतो. तुम्ही पाय जोरात फिरवलेत तर विरोध कमी करतो, हळू फिरवलेत तर वाढवतो. आता गणित करून पाहा. मिनिटाला ९० फेरे ठेवायचे, समोर ३४ दात्यांची लहान चेनरिंग आणि मागे २८ दात्यांचे स्प्रॉकेट. रस्त्याच्या सायकलच्या नेहमीच्या चाकाचा घेर साधारण २१० सेंटिमीटर धरला तर वेग येतो ताशी सुमारे १४ किलोमीटर. तसेच ९० फेरे ठेवून समोर ५० आणि मागे ११ घ्या. वेग दिसेल ताशी जवळजवळ ५२. दोन्ही वेळा पायांतून गेले १५० वॅट, नाडी तीच, घाम तोच. गिअर बदलून ज्याला १४ चे ५२ करता येतात, त्या आकड्यावर स्वतःची प्रगती मोजणे म्हणजे स्वतःवर अन्याय करणे आहे. ३८ च्या ॲव्हरेजचे टाळ्या घेणारे फोटो बरेचदा यातूनच येतात, आणि ते टाकणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, त्याला हे कुणी सांगितलेलेच नसते.

जिममधल्या स्पिन बाइकबद्दल फार लिहीत नाही. बहुतेक स्पिन बाइकवर वेग हा फ्लायव्हीलच्या फेऱ्यांना ठरावीक आकड्याने गुणून काढलेला असतो, आणि पॉवर मोजणारी यंत्रणा नसेल तर कॅलरीही अंदाजाच्याच.

मग वॅट तरी खरे कशावरून? पॉवर सायकलवर मोजण्याची सोय १९८६ मध्ये जर्मनीच्या उलरिख शोबेररने केली. त्याच्या एसआरएम क्रँकमध्ये धातूच्या सूक्ष्म वाकण्यावरून पीळ मोजणारे स्ट्रेन गेज बसवलेले होते. पीळ आणि फिरण्याची गती यांचा गुणाकार म्हणजे पॉवर. आजही तत्त्व तेच. जागा मात्र बदलतात: पेडल, क्रँक, हब, आणि ट्रेनर. काही ट्रेनर पीळ प्रत्यक्ष मोजतात, काही फ्लायव्हीलचा वेग आणि चुंबकाला दिलेला विद्युतप्रवाह यांवरून हिशेब करतात. चांगले डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर एक-दोन टक्क्यांच्या आत अचूकतेचा दावा करतात, चाक दाबून धरणारे स्मार्ट ट्रेनर साधारण तीन ते पाच टक्क्यांचा. २०० वॅटवर पाच टक्के म्हणजे वर-खाली दहा वॅट. तीन महिन्यांच्या मेहनतीने वाढलेले वॅट या फरकात सहज हरवू शकतात.

पेडलवर पॉवर मीटर असलेल्याला आणखी एक गोष्ट दिसते. पेडल २०० दाखवत असताना ट्रेनर १९५ दाखवतो. दोन्ही बरोबर असू शकतात. पेडल मोजते ते पायाने दिलेले, ट्रेनर मोजतो ते चेन आणि स्प्रॉकेटमधून गळून पोचलेले. मधल्या वाटेत दोन-चार टक्के जातात, आणि चेन कोरडी किंवा मळकी असेल तर जास्त. त्यामुळे घरात ट्रेनरचे आणि रस्त्यावर पेडलचे आकडे सरमिसळ करू नयेत. घरचा वजनकाटा अर्धा किलो जास्त दाखवत असला तरी रोज त्याच काट्यावर उभे राहिलात तर वजन वाढले की घटले ते कळते. ट्रेनरचेही तसेच. एकच साधन, एकच रीत, आणि कंपनीने सांगितल्याप्रमाणे अधूनमधून ‘स्पिनडाउन’ करून घ्यायचे. स्पिनडाउन म्हणजे ठरलेल्या वेगापर्यंत नेऊन पाय थांबवायचे आणि फ्लायव्हील किती वेळात मंदावते त्यावरून यंत्राला स्वतःचे घर्षण जोखू द्यायचे. ते थंड मशिनवर केले तर उपयोग नाही, दहा मिनिटे चालवून मग करावे.

आता जे तक्रारीच्या सुरात सर्वांत जास्त ऐकू येते ते घेऊ: बाहेर २०० वॅट निघतात, घरात १८० लाच जीव जातो. ही तक्रार खरी आहे आणि तिची दोन भक्कम कारणे आहेत.

पहिले जडत्व. ८० किलोचा सायकलस्वार ताशी ३० ने जात असतो तेव्हा त्याच्या गतीत सुमारे २,८०० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. पेडल अगदी वर किंवा अगदी खाली असते त्या क्षणी पाय फारसे बल देऊ शकत नाहीत, पण साठलेली गती सायकलला ओढून नेते आणि फेरा गोल वाटतो. स्वस्त ट्रेनरचे फ्लायव्हील हलके असते. त्या दोन जागी ते लगेच मंदावते आणि पुढच्या प्रत्येक फेऱ्यात त्याला पुन्हा ढकलावे लागते. वॅट तेवढेच, पण स्नायूंवर भार वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या रीतीने येतो. महागड्या ट्रेनरची फ्लायव्हील सहा-सात किलोची असतात ती यासाठीच. इथे गिअरचा खरा उपयोग आहे. मोठ्या गिअरमध्ये फ्लायव्हील वेगाने फिरते, त्यात ऊर्जा जास्त साठते आणि सपाट रस्त्यासारखे वाटते. लहान गिअरमध्ये ते संथ फिरते आणि घाट चढल्यासारखे वाटते. घाटात १२ ने जाणाऱ्याच्या गतीत जेमतेम साडेचारशे ज्यूल असतात, त्यामुळे ही नक्कल बरीच जवळची आहे. पावसाळ्यात घाटाची तयारी करायची असेल तर अर्ग मोडमध्ये मुद्दाम लहान गिअरवर बसावे, आणि सपाटीवरच्या लांब शर्यतीची करायची असेल तर मोठ्यावर. वेगाचा आकडा या दोन दिवशी अगदी वेगळा दिसेल, त्याकडे पाहू नये.

दुसरे कारण उष्णता, आणि आपल्या हवामानात मला हेच अधिक महत्त्वाचे वाटते. माणसाचे शरीर सायकल चालवताना खाल्लेल्या ऊर्जेपैकी साधारण २० ते २५ टक्क्यांचेच काम करते, उरलेली उष्णता होते. पेडलवर १५० वॅट देणारा माणूस आतून सुमारे ६५० वॅट खर्च करतो आणि त्यातले ५०० वॅट कातडीवाटे बाहेर टाकावे लागतात. ट्रेनरने घेतलेले १५० वॅटही शेवटी चुंबकात किंवा द्रवात उष्णता होऊन त्याच खोलीत येतात. तासभर साडेसहाशे वॅट, दारे-खिडक्या लावलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत. ती ५०० वॅट उष्णता केवळ घाम वाळवून काढायची म्हटली तर तासाला पाऊण लिटर घाम पूर्ण वाळायला हवा. वाळायला, गळायला नव्हे. गळून सतरंजीवर पडलेल्या घामाने अंग गार होत नाही. रस्त्यावर ताशी २५ ने जाताना तेवढाच वारा अंगावर येत असतो. घरात तो नसतो, आणि जुलैत मुंबई-कोकणात हवेत आधीच इतका ओलावा असतो की घाम वाळायला जागा नसते. मग रक्त कातडीकडे वळते, हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात, आणि १५० वॅट तसेच असूनही नाडी १३५ वरून हळूहळू १५० कडे सरकते. हा कमकुवतपणा नाही. छताचा पंखा इथे पुरत नाही. समोरून छातीवर वारा मारणारा मोठा पेडेस्टल किंवा भिंतीचा पंखा हवा. ज्यांचे बजेट ताणलेले आहे त्यांना मी ट्रेनर एक पायरी स्वस्त घ्या पण पंखा चांगला घ्या असेच सांगेन. पाणी जवळ ठेवा, आणि घाम हेडसेटच्या बोल्टांवर व स्टेमवर साचू देऊ नका. त्यातले मीठ पावसाळ्यात पोलादाला लवकर खाते.

अर्ग मोडबद्दल एक इशारा. थकवा आल्यावर पायांचे फेरे कमी झाले तर ट्रेनर विरोध वाढवतो, कारण त्याला वॅट राखायचे असतात. फेरे आणखी कमी, विरोध आणखी जास्त, आणि अर्ध्या मिनिटात पेडल चिखलात रुतल्यासारखे थांबते. १५० वॅट ९० फेऱ्यांवर देताना पेडलवर सरासरी साडेनऊ किलो वजनाएवढे बल लागते, तेच ६० फेऱ्यांवर चौदा किलोच्या पुढे जाते. गुडघे दुखतात ते बरेचदा यातूनच. असे होऊ लागले तर क्षणभर पाय सोडावेत, विरोध उतरू द्यावा आणि हलके फिरवत पुन्हा फेरे जमवावेत.

२०१४ मध्ये आलेल्या झ्विफ्टसारख्या ॲपांनी ट्रेनरला खेळाचे रूप दिले, आणि तिथला वेग हा तिसराच प्रकार आहे. पडद्यावरच्या सायकलस्वाराचा वेग ट्रेनरच्या चाकावरून येत नाही. तुमचे वॅट, तुम्ही भरलेले वजन आणि उंची, आभासी रस्त्याचा चढ, पुढच्याच्या आडोशाला आहात की नाही, यांवरून संगणक तो काढतो. वर दिलेलेच गणित, फक्त वाराबिरा वगळून. त्यामुळे ट्रेनर मीटरवर दिसणाऱ्या वेगापेक्षा हा वेग पुष्कळ शहाणा असतो. पण त्याचा पाया प्रामाणिक वजन आणि बरोबर मोजलेले वॅट हाच. वजन पाच किलो कमी भरले तर पडद्यावरचा घाट सोपा होतो, खंडाळ्याचा होत नाही. ‘ट्रेनर डिफिकल्टी’ ही सेटिंगही अनेकांना फसवते. ती कमी केल्याने चढ पायाला सौम्य लागतो, गिअर कमी बदलावे लागतात, पण चढण्यासाठी द्यायचे वॅट कमी होत नाहीत.

या आभासी रस्त्यावर आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने डिसेंबर २०२० मध्ये पहिली जागतिक ई-स्पर्धा घेतली. पुरुषांत ती जिंकली जर्मनीच्या जेसन ऑस्बोर्नने, जो मुळात नौकानयनपटू होता आणि पुढच्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने नौकानयनात रौप्य मिळवले. महिलांत जिंकली दक्षिण आफ्रिकेची ॲशली मूलमन-पासियो, रस्त्यावरची नावाजलेली व्यावसायिक खेळाडू. या निकालाकडे मी असे पाहतो: ट्रेनर इंजिन मोजतो. नौका वल्हवून कमावलेले इंजिन तिथे कामाला येते. वळण कसे घ्यायचे, खड्डा कसा चुकवायचा, घोळक्यात चाकाला चाक लावून कसे जायचे, हे ट्रेनर मोजत नाही आणि शिकवतही नाही. ते शिकायला ऑक्टोबरात बाहेरच यावे लागते.

वॅट हाती आले की पुढची पायरी एफटीपीची. साधारण तासभर टिकवता येईल अशी जास्तीत जास्त सरासरी पॉवर, असा त्याचा ढोबळ अर्थ. वीस मिनिटे जीव तोडून चालवायचे आणि आलेल्या सरासरीचे ९५ टक्के घ्यायचे, ही रूढ चाचणी. अँड्र्यू कॉगन आणि हंटर ॲलन यांच्या पुस्तकाने ही पद्धत आणि तिच्यावर बेतलेले सरावाच्या तीव्रतेचे सात पट्टे जगभर नेले. दर मिनिटाला वॅट वाढवत नेणारी रॅम्प चाचणीही आहे, ती लवकर आटोपते. दोन्हींतून येतो तो अंदाज, आणि घरातला एफटीपी घराच्या सरावासाठीच वापरावा. नवख्या माणसाने पहिल्या महिन्यात चाचणीच्या मागे लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. बोलता बोलता चालवता येईल इतक्या पॉवरवर आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण तास बसण्याची सवय लागली तर पुढचे सगळे सोपे जाते. चाळिशी उलटलेल्यांनी किंवा छातीचा, रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी अशा चाचणीआधी डॉक्टरांना विचारावे.

एफटीपीला वजनाने भागून येणारा वॅट प्रतिकिलो हा आकडा घाटात निर्णायक असतो. सपाटीवर मात्र नुसते वॅट आणि अंगाला होणारा हवेचा विरोध यांनाच भाव. ६० किलोचा माणूस १८० वॅटवर आणि ८० किलोचा २४० वॅटवर घाटात जवळपास बरोबरीने चढतील, खाली सपाटीला लागताच दुसरा पुढे निघून जाईल.

ट्रेनर घ्यायला निघालेल्यांसाठी थोडे. तुमच्या गावात दिवे जात असतील तर पाहा, बहुतेक स्मार्ट ट्रेनरना वीज लागते. चुंबकाचा आणि फ्लुइड ट्रेनर विजेशिवाय चालतो, आणि टॅक्सच्या निओसारखे काही महागडे ट्रेनर पेडलच्याच ताकदीवर चालू शकतात. साधा ट्रेनर घेतलात म्हणून काही बिघडत नाही. त्याच्याबरोबर छातीचा पट्टा लावून नाडी मोजा, हवेचा दाब आणि खटक्याची पातळी वहीत लिहा, आणि अंतराऐवजी वेळ मोजा. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेतली लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते, थांबे धरून सरासरी १५ पेक्षा थोडी कमीच. तिला लागतात तासन्‌तास टिकणारे शंभर-सव्वाशे वॅट, आणि ते साध्या चुंबकाच्या ट्रेनरवरही उत्तम कमावता येतात.

शेवटी एक विनंती, क्लबच्या ॲडमिनना आणि महिन्याची ‘चॅलेंज’ घेणाऱ्यांना. पावसाळ्यात ट्रेनरचे किलोमीटर रस्त्याच्या किलोमीटरमध्ये मिळवून क्रमवारी लावणे बंद करा. पॉवर मोजली जात असेल तर किलोज्यूल मोजा. १५० वॅटने तासभर म्हणजे ५४० किलोज्यूल, आणि शरीराने खर्चलेल्या किलोकॅलरीही ढोबळमानाने तेवढ्याच. ॲप तो आकडा आपोआप दाखवते. पॉवर मोजली जात नसेल तर मिनिटे मोजा. येत्या जूनच्या चॅलेंजचा नियम लिहिताना ‘किलोमीटर’ खोडून तिथे ‘मिनिटे’ लिहायला अर्धा मिनिटही लागणार नाही.